कोंबड्याचा बलक

आण्णा, तुमच्या प्रयोगाची मला कधी किळस आली नाही. तुमची आली, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती उतरत नाही.

सांगलीच्या कॉलेजमागच्या शेडमध्ये तुम्ही कोंबडे पाळले होते. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालेलं, मी तुमची लेक आणि तुमच्याच वर्गात. कोंबड्याला मादीचं हार्मोन टोचायचं. काही दिवसांनी रक्त काढलं की वर साचणारं पिवळट पाणी दुधासारखं गढूळ दिसायचं. अंड्याच्या बलकात असतं ते प्रथिन कोंबड्याचं यकृत तयार करू लागलेलं असायचं. तुम्ही नळी खिडकीशी धरायचात आणि म्हणायचात, "जनुक त्याच्यात होतंच. निजलेलं होतं. हार्मोननं उठवलं." वर्गात तुमच्यासारखं कुणी बोलत नसे.

कोरेगावच्या आत्याला तीन मुली. चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा मुलगा व्हावा म्हणून तिच्या सासूनं कुठल्याशा डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. आत्यानं तुम्हाला बोलावून घेतलं. मीही आले. चुलीपाशी तिनं बाटली तुमच्या हातात दिली. "दादा, तू नुसतं न्हाई म्हण. तुझं ऐकत्यात ही." तुम्ही वरचं नाव वाचलंत. पुरुषी हार्मोनच्या जातीचं औषध होतं. तुम्हाला कळलं, हे मी तुमच्या तोंडावर पाहिलं.

सोप्यात पानं वाढली होती. सासू म्हणाली, "आवं पावणं, तुमी एवढं शिकल्यालं. घेतल्या तर काय बिघडतंय व्हय?"

आत्याचा नवरा हसला. "मेव्हणं कोंबड्यास्नी टोचत्यात, आमी बायकूला गोळ्या दिल्या तर काय झालं!"

सगळे हसले. तुम्हीही. लेकीच्या सासरी माहेरच्या माणसानं मान वर करू नये, अशी आपली रीत. तुम्ही ती पाळलीत. "वडीलधाऱ्यांनी ठरवलंय तर घ्यावं," म्हणालात आणि भाकरी मोडलीत. आत्या दाराआड उभी होती.

परतताना एसटीत तुम्ही मला सांगितलंत, "मुलगा की मुलगी हे आधीच ठरलेलं असतं. गोळीनं काय होतंय?" ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तुम्हीच आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं.

बाळ झालं. सुईण म्हणाली, "पोरगा हाय." पेढे वाटले. मग सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मुलगी आहे; गोळ्यांनी अंगाची ठेवण बाहेरून बदलली आहे. सासूनं आत्यालाच बोल लावला. तुम्ही आलात. आता तरी दादा सासूला बोलेल, म्हणून आत्या तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही दुपटं बाजूला सारलंत, बराच वेळ निरखलंत आणि डॉक्टरांना विचारलंत, "हिचं थोडं रक्त मिळेल का?"

आत्यानं दुपटं ओढून घेतलं. "कोंबडा न्हाई ती, दादा."

पुढे तिनं तुम्हाला कधी ओवाळलं नाही. तुम्ही घरी आईला सांगायचात, अडाणी बाई, तिला शास्त्र काय कळणार. तेव्हा मी पानावरून उठून जायचे.

ती मुलगी आता कडेगावला शाळेत शिकवते. मोठ्यानं हसते, पोरांना दटावते. गोळ्यांचं सगळं आत्यानं तिला सांगितलंय, फक्त तुमचं सोडून. परवा ती माझ्याकडे आली होती. चहा ओतताना म्हणाली, "ताई, मामा एवढा शिकल्याला. त्याला आधी कळलं असतं तर त्यानं थांबवलं असतं, न्हाई?"

मी व्हय म्हटलं.