आबांचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार
आबा आज समुद्रावरून दीडला आले. रोज अकराला येतात. अडीच तास मी बंदरावर आणि घरात अशा फेऱ्या मारत होते. अंगणवाडीची पोरं मदतनीस बाईवर टाकून! उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, वारो नाय होतो. वारा चांगला होता.

चौऱ्याहत्तर वय. एकटे होडी घेऊन गरी, म्हणजे मासळीचा गळ टाकायला जातात. कुठे ते सांगायचं नाही. पाण्याखाली खडपाची, म्हणजे खडकाची जागा आहे, ती त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवली. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की खाली मासळी. त्या खुणा सख्ख्या मुलालाही सांगितलेल्या नाहीत. गुरूने होडी सोडून इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर नोकरी धरली ना, म्हणून. सुनेचा, म्हणजे माझा तर प्रश्नच नाही.

गुरूला फोन केला. तो म्हणाला, बाबांच्या फोनमध्ये ठिकाण दाखवणारं ॲप टाकून घे. नितेशला येतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
नितेश म्हणजे आमचा चुलत दीर, तोही मासेमारीच करतो. संध्याकाळी आला. फुकटातलं ॲप टाकलं, 'कुटुंब' नावाचा ग्रुप केला. मी, गुरू, आबा आणि तो स्वतः. मध्येच फोन अडला. पुढे जायला आबांचा अंगठा हवा होता.

आबा पडवीत गरीला दोर बांधत बसले होते. मी गेले आणि म्हटलं, "आबा, रेशनचं केवायसी आहे. अंगठा द्या." त्यांनी हात धोतराला पुसला आणि अंगठा पुढे केला. कशाला, काय, एक शब्द विचारला नाही. रेशनवर देतात तसाच.

त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर
ठिपका दिसतो! समुद्रात, निळ्यावर, एकाच जागी. मी निवांत भाकऱ्या भाजल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार
सवय लागली. पोरांना गाणी शिकवतानासुद्धा एक डोळा ठिपक्यावर. काल गुरू आला होता, तोही खूश.

फक्त एक झालं. आबांच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात एक निळी खूण सतत असते. कोणी तरी बघतंय हे ते ॲप निदान सांगतं. आबांनी फोन जवळ धरून, मग लांब धरून बघितला आणि विचारलं, "ह्या काय गो?" मी म्हटलं, रेंजचं आहे. एकाला दुसरं खोटं लागतंच, म्हणतात ते उगाच नाही.

गुरू म्हणतो, पैसे भरून दुसरं मिळतं, त्यात खूणबिण काही दिसत नाही. आपण पैसे कशाचे भरायचे? माणसाला न कळण्याचे!

१३ नोव्हेंबर
आबा रिकामे आले. एक साधा बांगडाही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आजही रिकामे. जेवताना ताटाकडे बघत बसले. मी विचारलं तर म्हणाले, जाग्यार दुसरी होडी आसा. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाजारात मासेवाल्या चंद्रावतीच्या टोपलीत तांबोशी आणि हाताएवढे गोबरे, खडपावरची मासळी. विचारलं कुणाचे, तर म्हणाली, "नितेशाचे. तेका बरो जागो गावलो दिसता."

मी तिथेच टोपलीशी उभी राहिले. मागच्या बायका ओरडायला लागल्या तेव्हा हलले.

तशीच नितेशच्या घरी गेले. त्याला काहीच वाटलं नव्हतं. हसत म्हणाला, "वयनी, ग्रुप मीच केलंय. ठिपको माका दिसतलोच." त्याला काय बोलणार? दार मीच उघडून दिलं होतं. साठ वर्षं आबांनी जे पोटात ठेवलं ते मी आठ दिवसांत गावात वाटलं. फार लाज वाटली.

१६ नोव्हेंबर, रविवार
गुरू आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, बघ, म्हणूनच पैसेवालं घेऊया. ते फक्त आपल्या दोघांना दिसेल आणि बाबांना कळणारही नाही.

मी नाही म्हटलं. आमच्याकडे साधी गोठ्याची भिंत पाडायची तरी देवळात कौल लावतात. देवाच्या पाषाणावरची कळी उजवीकडे पडून होकार मिळेपर्यंत हात जोडून उभे राहतात. देवाला विचारतो. घरातल्या माणसाला विचारायला काय झालं होतं? गुरू म्हणाला, विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. मी म्हटलं, म्हणूनच तर विचारायचं असतं. गुरूची भीतीही खोटी नाही, ते मला कळतं.

ॲप काढायलाही आबांचा अंगठा लागणार होता. या खेपेला समोर बसले आणि सगळं सांगितलं. केवायसी, रेंज, नितेश, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. अंगठा लावला. मग म्हणाले, "अंगठो माझो होतो गो. माका इचारूक व्हया होता."

ओरडले असते तर सोसलं असतं.

१७ नोव्हेंबर
आबा पहाटे गेले. फोन फळीवर ठेवून. बारा वाजता आले.

१९ नोव्हेंबर, बुधवार
फोन फळीवरच. माझ्याशी बोलतात, चहा मागतात, सगळं नेहमीसारखं. त्यामुळेच जास्त जड जातं. फुकटचं गेलं, पैशाचं घेतलं नाही. आता पूर्वीसारखी बंदरावर जाऊन उभी राहते. निदान हे ते लांबून बघू शकतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रात्री जेवून हात धुताना आबा म्हणाले, उद्या अंगणवाडी नाय ना? माझ्यावांगडा ये. मला वाटलं, सोबत बाजारात. म्हणाले, होडयेत.

२३ नोव्हेंबर, रविवार
नितेशला कळलेल्या जागेवर गेलो नाही. वडिलांनी दाखवलेली दुसरी एक जागा आहे, तिकडे निघालो. आबा शीड उतरवून वल्ही मारत होते आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होते, "दोनय खुणा एका रेषेत इल्यो काय?" स्वतः एकदाही किनाऱ्याकडे बघितलं नाही. मग हात थांबवून म्हणाले, "माका दोन वर्सां किनारो दिसणा नाय गो. जाग्यार सवयीन जातंय. त्या सोमवारी बंदरच गावला नाय."

पिशवीतून फोन काढला, अंगठा लावला, माझ्या हातात दिला. "आता घाल ता ॲप. तुझ्या एकटीच्या फोनार."

खुणा मला माहीत झाल्या. इथे लिहीत नाही.