हाताएवढे डाग

३ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा पत्ता आत्याकडून घेतला. "आता आठवण झाली होय?" म्हणाली. ऐकून घेतलं. तुझी पाठ कशी आहे? माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरं आहे.

बरं नाही. पावडर कोटिंगचं आपलं दुकान गेल्या आठवड्यात बंद केलं. भट्टी भंगारवाल्याने नेली. तुझी टाकी तेवढी राहिली आहे. रंगाआधी लोखंड तिच्यात बुडवून धुताना तू शिट्टी वाजवायचास आणि तुझे भावोजी ओरडायचे, "गंज शिट्टीने निघतो होय रे?"

त्यांना आता काही आठवत नाही. सकाळी मलाच विचारतात, "बाई, मालकीण आहेत का घरात?" मी म्हणते, "बाहेर गेल्यात." आधी हसू यायचं.

दवाखान्याच्या त्या चाळीस खाटा... तू कशाला विसरशील? चार महिन्यांत रंग सुटून परत आल्या. "मेहुण्याने न धुताच भट्टीत घातल्या," असं भावोजी साऱ्या गल्लीसमोर बोलले आणि तू अंगावरच्या कपड्यांनिशी गेलास. पुढे कुठल्याच रंगवाल्याने तुला उभं केलं नाही, हे आत्याकडून आता कळलं. अकरा वर्षं, बाळा.

खाटा तू धुतल्या होत्यास. वाळवल्याही होत्यास. "ताई, आता उघडा हात लावायचा नाही हं. बोटाचा तेलकटपणासुद्धा रंग धरू देत नाही," असं बजावून जेवायला गेलास. खाटा आकड्यांना टांगताना हातमोज्यांनी तार वळेना, म्हणून मी ते काढले. थंडीत हात फुटायचे, क्रीम चोपडलेलं होतं. वर रंगाची पावडर छान बसली, खाटा भट्टीतून चकचकीत निघाल्या. मला वाटलं, कुठे काय झालं?

परत आलेल्या खाटांवर रंग सुटलेला प्रत्येक डाग हाताएवढा होता. मी माझा हात लावून पाहिला. बोटं न् बोटं जुळली. मग कुणी बघायच्या आत पत्र्याच्या तुकड्याने कडा खरवडल्या, आकार कळू नये म्हणून. तू तेव्हा दारातच उभा होतास, भावोजींची बोलणी खात.

कॉन्व्हेंट शाळेत फादरसमोर पापाची कबुली द्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींना मी हसायचे. एवढं काय असतं सांगण्यासारखं!

काल भावोजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मालकीण आल्या की त्यांना सांगा."

उशीर केला मी. त्यांनी एकदा "चुकलो" म्हणायला हवं होतं, ते आता कधीच व्हायचं नाही. हे पत्र कुणाला दाखवावंस, तर गल्लीत आपल्याला ओळखणारंही कुणी उरलेलं नाही. "ये" म्हणायला मला तोंड नाही. उत्तराची वाट मात्र बघेन, येणार नाही हे माहीत असून.

टाकी मी रोज पुसते. हातमोजे घालून.

हात तोच आहे रे,
तुझी ताई