सव्वा मूठ आप्पांची

उधना, सुरत
१४ जून २०२५

तीर्थरूप आप्पांना,
जयश्रीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि सुंदराताई निरोप ओरडून सांगायला लागल्या की तुम्ही त्यांच्यावरच चिडता, म्हणून हे पत्र.

रस्त्यासाठी आपली गल्ली पाडली तेव्हा आठवड्यात खोली शोधतो, असं सांगून तुम्हाला ताईंकडे पाठवलं. महिना होत आला. आम्ही चौघं अजून माझ्या भावाकडेच आहोत. डिंडोलीची एक खोली आवडली होती, पण मालक म्हणाला चारच माणसं. मी म्हटलं, आम्ही पाच. सासरे कानाने कमी आहेत, मोठ्याने बोलतात. खोली गेली. आवाजाचं कशाला सांगितलंस, म्हणून हे माझ्यावर डाफरले. पहाटे उठून तुम्ही सगळ्या चाळीला चहा झाला का विचारता, ते काय झाकून राहणार होतं?

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची सून,
जयश्री

अमळनेर
२३ जून २०२५

चि. सौ. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तू वेडी आहेस. ती खोली घेऊन टाक. चौघांना पुरते ना? मग झालं.

मी इथे मजेत आहे. सुंदरा ताटात तूप वाढते, जावईही माणूस चांगला. ते घरी आले की मी ओट्यावर जाऊन बसतो, एवढंच. लेकीच्या घरी दुसरा चहा मागवत नाही, त्यामुळे पित्तही कमी झालंय. श्रावणात कानबाई देवी तुम्ही नव्या घरात बसवा. यंदा मला धरू नका.

पोरांना माझे पापे.
आप्पा

बमरोली, सुरत
२० जुलै २०२५

तीर्थरूप आप्पांना,
साष्टांग नमस्कार.

खोली मिळाली. पाच माणसांची, आवाजासकट. मालकीणबाईंना तुमचं सगळं सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. भिंतीपलीकडे यंत्रमागांचं खातं आहे, दिवसरात्र खडखडाट, त्यात तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार, म्हणाल्या. आम्हाला झोप लागत नाही. तुम्ही तर जन्मभर मागावर कान घालवलेत, तुम्ही मजेत घोराल.

काल कानबाईच्या रोटाचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ: ह्यांची, शुभमची आणि तुमची. धरू नका म्हणालात, तरी मी धरलं. रोटाचा प्रसाद घराबाहेरच्याला चालत नाही. ताईंकडे पाठवावं तर त्यांचं कूळ आता वेगळं. पौर्णिमेच्या आत संपवायला हवेत, आणि तुमच्या वाटचे मी खाणार नाही.

रागवा, पण या.
जयश्री

अमळनेर
२८ जुलै २०२५

चि. सौ. जयश्रीस,
आशीर्वाद.

देवीला मध्ये घातलंस, आता मी काय बोलणार? खरं सांगतो पोरी, माझ्यापायी तुमची खोली गेली हे मनाला फार लागलं होतं. आणि इथे मला करमत नव्हतं. सुंदराला सांगितलं तर आधी रडली, मग पिशवी तिनेच भरली.

शनिवारच्या गाडीने उधन्याला उतरतो. विकासला म्हणावं, बापाला घ्यायला स्टेशनवर ये. आपलं घर मी अजून पाहिलेलं नाही.

तुझा,
आप्पा