खालून येणारी टकटक

प्रिय छकुले,

तुझं पत्र मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. अक्षर किती सरळ झालंय तुझं! मागच्या पत्रात ओळी नुसत्या घसरगुंडीवर बसल्या होत्या. तिथल्या एका बाईचे केस कापून दिलेस, कात्री जराही हलली नाही, हे वाचून मी जागचा उठूनच उभा राहिलो. आता उठून करायचं काय, ते काही सुचेना, म्हणून परत बसलो.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण जुन्या खुर्च्याही कुरकुरतात आणि त्यांच्यावरच तर माझं पोट चालतं. बेकरीवाल्या काकू रोज विचारतात, लेक मोठ्या शहरात रमली म्हणायची, बापाला विसरली वाटतं! मी म्हणतो, मोठं सलून आहे, सुट्टी मिळत नाही. तुला शब्द दिलाय ना. जाताना जिन्यात म्हणाली होतीस, बाबा, पुरुष पिऊन पडला तर लोक हात देतात, बाई पडली तर बोट दाखवतात. मी कुठे गेलेय ते कुणाला सांगू नका. नाही सांगितलं. खालच्या बारच्या मिशीवाल्यांनाही नाही.

त्यांचा मात्र जीव तुटतो तुझ्यासाठी. मिशी काढून किती वर्षं झाली, नाव काही उतरत नाही बिचाऱ्यांचं. तुझा तोल जायला लागला की झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा टकटक करायचे. त्यांचं छत म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची जमीन. मी गॅस बंद करून खाली यायचो आणि आपण बापलेक कामावरून आल्यासारखे जिना चढायचो. गल्लीत कुणाला पत्ता लागला नाही, तो त्या माणसाच्या भलेपणामुळे.

आता त्यांचंच घोडं अडलंय. नुसत्या बिअरच्या परवान्यावर दुकान चालत नाही, गिऱ्हाईक सगळं हमरस्त्यावर जातं. त्यांना कडक दारूचा, उशिरापर्यंतचा परवाना हवाय आणि त्यासाठी शेजाऱ्यांचा पाठिंबा लागतो. दुकानाच्या डोक्यावर राहणाऱ्याने नाही म्हटलं तर अर्ज तिथेच बारगळतो. डोक्यावर राहणारा म्हणजे मी.

त्यांना एकट्याला गाठून सगळं सांगावं म्हणून मी खाली गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, पोरगी शहरात जाऊन सावरली ना? मला खात्री होती. काका, हे जमलं नाही तर मला दुकान विकावं लागेल, आचारी आणि दोन वेटर कुठे जातील? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, होईल सगळं नीट. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बैठक बारमध्येच भरली, दुपारी. परवान्याचे साहेब मधोमध बसले होते आणि गल्लीतली शहाणी माणसं बारमध्ये बसून चहा पीत होती. मास्तर म्हणाले, माझा तत्त्वतः विरोध आहे, पण चहा उत्तम आहे. काकू म्हणाल्या, मग तत्त्व बशीत ओता आणि हात वर करा. सगळे हसले आणि हात वर झाले. मग साहेब माझ्याकडे वळले. गादीकाम करताना मी खिळे ओठांत धरतो, तू लहानपणी घाबरायचीस, गिळाल म्हणून. अगदी तसंच झालं बघ. तोंड भरलेलं आणि बोलता येईना. खरं कारण सांगावं तर तू उघडी पडतेस. शेवटी म्हटलं, आवाजाचा त्रास होईल हो, म्हातारा माणूस मी. मिशीवाले ताडकन उठले. म्हणाले, एवढंच ना? छताला दुहेरी फळ्या मारतो, मध्ये जाड थर भरतो, टाचणी पडल्याचाही आवाज वर येणार नाही. टाळ्या वाजल्या. माझ्याकडे दुसरं कारणच उरलं नव्हतं गं. माझाही हात वर गेला.

उपकार म्हणून त्यांनी स्टुलांचं काम मलाच दिलंय. लाल रेक्झिन काढून हिरवं लावतोय. कोपऱ्यातलं तुझं स्टूल उसवलं, तर आतला फोम डाव्या बाजूला दबलेला. तू एका अंगावर कलून बसायचीस ना, तसा. नवा फोम घातला. तिथे आता कुणीही बसेल.

आणि म्हणून हे लिहायला बसलोय. पुढच्या आठवड्यात तुला व्यसनमुक्ती केंद्रातून सोडतील. तू लिहिलंयस, बाबा, दुसरं काही नको, फक्त घरी यायचंय. पोरी, घरी येऊ नकोस. आत्या तुला तिच्या घरी न्यायला येईल. तिला खरं सांगितलं, तुला दिलेला शब्द तेवढा एकदाच मोडला. इथून हलावं तर या वयात मला खोली कोण देणार? जिना एकच, आणि तो त्यांच्या दारावरूनच वर येतो. फळ्या काल बसल्या. काम चोख झालंय. संध्याकाळी गॅस बंद करून मी जमिनीला कान लावून बघितलं. खालून आता कुणी कितीही टकटक केली, तरी मला ऐकू येणार नाही.

तुझाच, ओठांत खिळे धरून बसलेला,
बाबा