चाळिसावी केस

३ तारीख
पोचलो एकदाचा. छावणीच्या दवाखान्यात मला स्वतंत्र खोली, खिडकी आणि चक्क गरम पाणी. दादाची तुकडी इथून दोन तासांवर आहे, म्हणून तर हट्टाने ही नेमणूक मागितली. आईला म्हटलं, तुझी दोन्ही पोरं आता एकाच रस्त्यावर. जेवणाला नावं ठेवतो म्हणून स्वयंपाकी पहिल्याच दिवशी मला जावईबापू म्हणू लागलाय.
मोठे साहेब म्हणजे देवमाणूस. तीस वर्षं जखमी सैनिकांना शिवताहेत. मांडीची धमनी फुटली तरी रक्त थांबवणारी पट्टी त्यांनी शोधलीय. चाळीस जणांवर ती लागू पडली की सगळ्या सैन्याला मिळेल. छत्तीस झाले. नोंदवही माझ्याकडे दिलीय. अक्षर बघून म्हणाले, डॉक्टर असून वाचता येतं, नवलच.

९ तारीख
एका दिवसात दोन. सदतीस, अडतीस. दुसऱ्याची मांडी उघडी फाटलेली, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर. सवयीने मी धमनी बोटांनी दाबली, तर साहेब केवढ्यांदा ओरडले. तू दाबलंस तर पट्टीचं काय ते कसं कळणार, केस बाद होते. बरोबरच आहे म्हणा. पट्टीने तीन मिनिटांत रक्त थांबलं.

१२ तारीख
लढाई थांबली. सिस्टर काम करता करता गुणगुणत होत्या. दादा रविवारी अकराला येतोय. साहेबांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. जेवताना म्हणाले, अजून दोन हवे होते. मी मूर्खासारखा हसलो. मग दादाचं कौतुक सांगत बसलो, वय, तब्येत, रक्तगटसुद्धा.

१४ तारीख
एकोणचाळीस. आमचा स्वयंपाकी. कुंपणापलीकडून गोळी आली म्हणे. पण मांडीच्या जखमेभोवती कातडी भाजलेली, बंदुकीच्या दारूचे काळे ठिपके. हातभर अंतरावरून मारल्याशिवाय असं होत नाही. रक्त थांबलं, तरी दुपारी गेला. साहेबांनी वहीत लिहिलं, यशस्वी.

१५ तारीख
सिस्टरना सांगितलं. म्हणाल्या, डोळे मिटून घ्या, हजारो वाचतील. संध्याकाळी माझा फोन काढून घेतला. फाटकावर मला अडवलं.
वहीत चाळिसावी ओळ आधीच भरलीय. पुरुष, वय बत्तीस, रक्तगट — दादाचा.

१६, रविवार
साहेबांना म्हटलं, चाळिसावा मला धरा, दादाला सोडा. त्यांनी चष्मा पुसला. चालेल म्हणाले.

१०.२० — मारली. डावी मांडी. लिहीत राहा म्हणाले, संशोधनाला उपयोगी — आई गं —

१०.२४ — पट्टी बांधली. थांबतंय. खरंच चांगली आहे पट्टी.

१०.३५ — साहेब मान हलवताहेत. पट्टीआधी मी दाबलं म्हणे. माझी बोटं — रक्ताने माखलीत — कळलंच नाही, सवय मेली —
केस बाद.

१०.५० — पिस्तूल भरताहेत. बाहेर गाडी थांबली. दादा — सिस्टरना विचारतोय, धाकटा कुठाय — ओरडतोय मी, आवाज फुटत नाही — साहेब दार उघडताहेत, या म्हणताहेत, तुमचीच वाट —