नावं ठेवायचा संकल्प

४ मार्च
साहेबांनी सगळ्यांकडून वर्षाची ध्येयं लिहून मागितली. चांगला प्रोग्रामर होण्यासाठी मी काय करणार? लिहिलं — कोडमध्ये नावं नीट ठेवायची. दुसऱ्याचा कोड वाचायचा. तिसरं सुचेना, म्हणून 'सकाळी लवकर उठायचं'. साहेबांना तेच आवडलं.

५ मार्च
पहिल्या ध्येयाचं मूळ म्हणजे ताई. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर, माझा कोड त्याच तपासतात. आज म्हणाल्या, "टेंप, टेंप दोन, टेंप नवीन. अरे, यातलं कोण कोण आहे?" म्हटलं, तात्पुरती नावं आहेत, बदलीन. "दोन वर्षं तात्पुरती?"
मी नावं ठेवत नाही म्हणून त्या नावं ठेवतात. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

८ मार्च
दिवसभर हॉस्पिटलमध्ये. मुलगी अजून काचेच्या पेटीत. वेळेआधी आली — आमच्या घरात वेळेआधी काही करणारी ही पहिलीच. पायाला पट्टी, तिच्यावर बायकोचं नाव आणि पुढे 'यांचे बाळ'. म्हणजे टेंपच.
बायकोने विचारलं, "नाव सुचलं का?" म्हटलं, घाई काय, घरी आली की बघू. मागच्या वेळी आम्ही पाचव्या महिन्यातच नाव ठरवलं होतं. ते बाळ घरी आलंच नाही. नाव मात्र अजून घरात आहे. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

९ मार्च
लवकर उठलो. झोपलोच नव्हतो, पण ध्येय ते ध्येय.

१२ मार्च
कामात डोकं घातलं की बरं वाटतं. बसच्या तिकिटांचा कोड आहे. सगळ्या टेंपना नावं दिली — रिकामी जागा, शेवटचा थांबा, वाचणाऱ्याला कळतील अशी. आता ठेवा म्हणावं नावं!
डॉक्टर म्हणाले, वजन थोडं वाढलंय. थोडं म्हणजे किती, ते विचारायचा धीर झाला नाही.

१३ मार्च
ताईंनी बोलावलं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाकी छान जमलंय. पण ही कोण?"
पाहिलं. राखीव जागेला मी एका मुलीचं नाव देऊन बसलो होतो. कधी टाइप केलं, खरंच आठवत नाही. डोक्यात मात्र कधीपासून होतं, बायकोलाही बोललो नव्हतो. कान तापले.
ताईंना हॉस्पिटलचं माहीत आहे. त्यांनी स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव गोड आहे रे. पण चुकीच्या जागी पडलंय. जिथलं आहे तिथे नेऊन दे. तोवर मी हे पास करत नाही."

१४ मार्च
मुलगी अजून पेटीतच. घरी कधी येईल, डॉक्टर सांगत नाहीत. तरी मी सांगितल्यावर नर्सने जुनी पट्टी कापून नवी बांधली. बायको ती वाचून रडली. मग म्हणाली, "इतके दिवस कुठे ठेवलं होतंस हे?"
राखीव जागेत, म्हटलं.