वाटून झालेले पेढे

मुलुंड, मंगळवार, मे १९८६

डोकं फिरलंय नुसतं. संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढत होते, तर खालच्या मजल्यावरच्या प्रधान काकूंनी हातावर पेढा ठेवला. "तुझ्या सासूबाईंनीच वाटलेत गं. अविनाश अमेरिकेत नोकरीचा व्हिसा घेतोय ना! आता तू त्याच्या व्हिसावर, घरी मस्त आराम!"

आराम?

एम.एस. दोघांनी तिकडे अमेरिकेत बरोबर केलं. नोकऱ्याही दोघांना मिळतायत, पण वेगवेगळ्या गावांत. एकत्र राहायचं तर एकाने नोकरी धरायची आणि दुसऱ्याने त्याच्या व्हिसावर नुसतं बसून राहायचं, काम करायला बंदी. कोणी बसायचं, की सरळ वेगळं राहायचं, ते रविवारी मनोरीच्या समुद्रावर जाऊन दोघं ठरवणार होतो. आणि याने आजच आईला सांगून टाकलं!

तो पेढा त्याच्यासमोर आदळला. म्हणतो, "अगं, आई सारखी विचारत होती, बोलून गेलो. आता पेढे वाटून झाले, फिरवायचं कसं?"

म्हणजे माझं काय करायचं ते पेढ्यांनी ठरवायचं? आणि मार्क कोणाला जास्त होते रे?

पेढा अजून टेबलावरच आहे. मुंग्या लागल्यात. लागू देत.

वाटून झाले की फिरवता येत नाही ना? ठीक आहे. उद्या मी पेढे आणते. पहिला सासूबाईंना, मग त्याच जिन्याने घरोघर. "मी नोकरी धरली हो. अविनाश माझ्या व्हिसावर येतोय, घरी मस्त आराम करायला."

बघतेच, कोणाकोणाचं तोंड गोड होतं ते.